रुपयामागे पैसा

गावच्या आडावर रहाट चार, त्यांतले दोन फिरणारे. पाणी दीड हात, त्याखाली गाळ साडेतीन हात. गावात उंबरे एकेचाळीस. वेशीपासून मोजलं तर हरणाबाईचं घर नववं, पण आडावर तिचा नंबर एकेचाळिसावा.

गाळ काढायला आणि दोराला दर वर्षी उंबऱ्यामागे दोन रुपये पट्टी बसे. पट्टी भरून वहीत नाव लागलेली घरं वेशीपासून ओळीनं पाणी भरत. नाव नसेल त्यानं मागून भरायचं. नवरा गेल्यापासून हरणाबाई लोकर कातून पोट भरत होती. दोन रुपये एकदम कधी साठलेच नाहीत. चाळीस घरांचे पोहरे खालीवर झाल्यावर तिच्या घागरीत येई त्या पाण्याच्या तळाशी दोन बोटं चिखल बसे.

१९४५च्या चैत्रात जोतीराम सांगलीहून बी.एस्सी. होऊन आला. चावडीत त्यानं सुचवलं, "पट्टी उंबऱ्यावर नको, कमाईवर बसवू. रुपयामागं एक पैसा."

पेन्शनर सुभेदार दादासो मिशीतल्या मिशीत हसला. "म्हंजी मला धा रुपयं? मग माझा पोहरा बी पाचपट मोठा करा की रं!"

"तुमच्या सा म्हशी काय पळीनं पाणी पित्यात व्हय?" तात्याबा पाटील म्हणाला. चावडी हसली. दादासोनं कुरकुरत मान डोलावली.

जोतीराम घरोघर विचारून केलेली यादी वाचू लागला. "हरणाबाई. वर्षाची कमाई चोवीस रुपये. पट्टी माफ."

लोकांना बरं वाटलं. दाराशी बसलेली हरणाबाई उठली.

"माफी कुणी मागितली?"

"आवं काकी, सूट दिलीया," जोतीराम म्हणाला. "तुमच्याकडनं चोवीस पैसे, म्हंजी सा आणे, काय घ्यायचे?"

"सूट नगं. समद्यांचा पैसा, मग माझा का न्हाई? वहीत नाव न्हाई त्यो मागं, ह्यो नेम मोडलाय का कुणी?"

तो कुणी मोडला नव्हता. जोतीरामनं बेरीज तीनदा तपासली होती. आडावरची ओळ त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

हरणाबाईनं पदराची गाठ सोडली. "चार आणे हे घे. दोन म्हसवडच्या बाजारानंतर."

जोतीरामनं 'माफ' खोडून आकडा लिहिला.

वैशाखात गाळ निघाला. पहिल्या सकाळी आडात पाणी पाच हात होतं. हरणाबाईचा नंबर नववा.