मधला बाप गायब

नैरोबीच्या फुलं निर्यात करणाऱ्या कचेरीत गिताऊंनी लिहिलेला कर्नेलचा, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रणालीचा, तुकडा अकरा वर्षं गुलाबांच्या पेट्यांवरची लेबलं वाचत होता. आज बारा वाजता तो काढून टाकायचा, असं मुतिसो साहेबांनी सकाळीच सांगितलं. महिनाभर यंत्र रखडत होतं, विमानतळाचे ट्रक फाटकात अडत होते, आणि तपासात दरवेळी त्या तुकड्यातल्या गिताऊंच्याच फंक्शनचं नाव येत होतं.

तपासाची रीत साधी. सेकंदाला नव्याण्णव वेळा प्रोसेसरला धरून विचारायचं, काय करतोस? तुला कोणी पाठवलं? त्याला कोणी? उत्तर ठरलेलं: लेबलाच्या चित्राची नक्कल करतोय, गिताऊंच्या फंक्शनने पाठवलं.

"माझंच काही चुकलं असेल," गिताऊ चहाचा कप नुसताच फिरवत म्हणाले. "वय झालं."

"वयाचं नंतर बघू, म्झे," शेजारच्या टेबलावरची गाथोनी वडीलधाऱ्याला हाक मारावी तशी म्हणाली. "तुमचं फंक्शन नक्कल करणाऱ्याला थेट बोलावतं?"

"छे. मध्ये तपासनीस आहे, लेबल तपासणारं दुसरं फंक्शन. तो बोलावतो."

"मग तो साखळीत कुठंय?"

गिताऊ पडद्याकडे सरकले. खरंच की. नक्कल करणारा नातू होता, गिताऊंचं फंक्शन हा आजोबा होता, मधला बाप गायब.

"गाथोनी, तुझ्या थोरल्याचं नाव काय?"

"कामाऊ. सासऱ्यांचं. आपल्यात थोरल्याला आजोबाचंच नाव देतात, हे का मी तुम्हाला सांगायचं?"

"म्हणजे दारात नुसतं नाव विचारलं, तर बापाचा पत्ताच लागायचा नाही." गिताऊंनी कप दाणकन ठेवला, चहा बशीत सांडला. "तसंच होतंय बघ. फंक्शन आत शिरलं की आधी स्वतःची चौकट मांडतं, आपल्याला कोणी बोलावलं त्याचा पत्ता तिच्यात असतो. त्याआधीच, उंबऱ्यावर पकडलं तर?"

"तर बोलावणाऱ्याचीच चौकट वाचली जाते," गाथोनी खुर्चीतून अर्धवट उठली, "आणि तिच्यात पत्ता आजोबाचा! बापाचा पत्ता स्टॅकच्या, त्या पत्त्यांच्या चळतीच्या, अगदी वर पडलेला, त्याला कोणी विचारतच नाही."

"आपण विचारू."

अकरा चाळीसला त्यांनी तो वरचा पत्ताही वाचणारा तपास नव्याने लावला. शंभरातल्या एक्क्याण्णव साखळ्यांत तपासनीस निघाला. लेबलाचं चित्र तो एकेक बाइट करून नकलायला पाठवत होता. लाखो फेऱ्या, इवलंसं काम. नक्कल करणारा सापडायचा तो उंबऱ्यावरच.

"हा दिवटा कोणाचा?" गाथोनीने विचारलं.

"माझा," मागून आवाज आला. मुतिसो मंडाझी, तो तळलेला गोड पाव, चावता चावता थांबले होते. "गेल्या महिन्यात घातला. म्हणजे बाराला काढायचा तो माझा म्हणा."

"काढायला कशाला," गिताऊ खाली बघत पुटपुटले. "एका घासात नक्कल करायला शिकवू त्याला. चार ओळींचं काम."

चार नाही, सहा ओळी लागल्या. बाराला दोन मिनिटं असताना फाटकातला पहिला ट्रक हलला, मागोमाग दुसरा. मुतिसोंनी कागदाची पुडी गिताऊंपुढे धरली.

"घ्या, म्झे. शेवटची आहे."

गिताऊंनी मंडाझी मोडली, अर्धी गाथोनीला दिली आणि आपली अर्धी बशीतल्या चहात बुडवली.