पांदणीतली पऱ्हाटी

पांदण गिळायला भाऊरावाला सात वर्षं लागली, पण पठ्ठ्यानं ती शेवटी गिळलीच. पांदण म्हणजे गावामागून वावरांकडे जाणारी जुनी वाट. दोन्ही अंगांना धुरे, म्हणजे वावरांचे बांध, आणि मधून बैलबंडी जाईल एवढी जागा. बीटीचं बियाणं गावात आलं त्या साली भाऊरावानं धुऱ्याबाहेर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एक तास, एक ओळ, जास्तीची टोबली. कोणी बोललं नाही. पुढच्या साली आणखी एक ओळ. बंडीचं एक चाक पऱ्हाटीतून जाऊ लागलं तेव्हा लोक म्हणाले, जाऊ द्या, म्हातारं माणूस आहे. म्हातारं कसलं डोंबलाचं! साठीला टेकलेला, पण कुस्तीच्या फडात उभा राहील असा गडी. एका जूनमध्ये त्यानं पांदणीच्या तोंडाशी बाभळीची काटी आडवी टाकली, उरलेल्या जागेत शेवटची दोन तासं लावली आणि रस्ता संपला.

आणि गावानं काय केलं? गाड्या घेतल्या! पूर्वी एक बिडी ओढेपर्यंत माणूस पल्याडच्या वावरात पोचायचा. आता फाट्यावर जा, डांबरी सडकेनं धाड गावाच्या बाजूला वळा, नाल्याचा पूल ओलांडा आणि मागच्या अंगानं उलटं या. सहा किलोमीटर! सडकेवर ट्रकच्या तोंडी बैल कोण देणार? बैल गेले, बंड्या परसात सडल्या आणि कापसाला भाव चढला त्या दसऱ्याला गावात अकरा मोटारसायकलींना हार पडले. त्यातली एक राजकुमारची होती.

राजकुमारच्या बायकोला, पुष्पांजलीला, पहिले चार दिवस मजा वाटली. मग तिच्या लक्षात आलं की घरच्याच वावरात जायला घरची गाडी दिवसाला चार खेपा मारते आहे. सकाळी राजकुमार फवारणीचा पंप घेऊन जायचा, मग परत येऊन तिला न्यायचा, दुपारी भाकरीसकट सासूला आणायचा आणि दिवस मावळला की पुन्हा एकेकीला घरी. "एवढ्यात तं बुलढाण्याचा बाजार करून आलो असतो बाप्पा," सासू म्हणायची. शालूबाई तिचं नाव, पुष्पांजली तिला आत्याबाई म्हणायची. गाडीवर एका अंगानं बसायची, भाकरीचं फडकं मांडीवर घट्ट धरायची आणि डोळे मिटून गजानन, गजानन करत राहायची.

मागच्या साली दिवाळीनंतर ती त्या पुलावर पडली आणि मागून येणारा वाळूचा टिप्पर तिच्या अंगावरून गेला.

वावराचं मागचं टोक पुलाला लागूनच. आरडाओरडा ऐकून पुष्पांजली पळत आली तेव्हा तिला आधी भाकरी दिसल्या, सडकभर पांगलेल्या. मग सासूचे पाय दिसले. कमरेच्या वरचं पाहू नको म्हणून दोघांनी तिला धरलं, पण तिनं पाहिलंच. राजकुमार पुलाच्या कठड्याला डोकं आपटत होता आणि एकच वाक्य बोलत होता, "टिप्परानं दाबलं, मागून दाबलं, माह्यी गाडी हालली."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी या गाडीवर बसणार नाही. मेली तरी नाही. अन् तुम्हीबी वावरात जायले ही काढायची नाही."

"मंग काय उडत जाऊ?"

"पायी चाला."

"सहा किलोमीटर? येडी झाली काय वं तू? लोक हसतील, घरी गाडी असून राजकुमारची बायको सडकेनं पाय घासत जाते म्हणून."

लोक हसलेच. ती रोज सहा जाताना आणि सहा येताना चालत गेली. आठवड्याभरानं गौसियाही तिच्यासोबत निघाली. गौसिया म्हणजे शाकिरभाईची बायको. त्यांचं वावर पुष्पांजलीच्या वावराच्या पुढचं. "मले तं गाडीवर बसलं की पोटात गोळा येते," गौसिया म्हणाली, "पण बोलू कोणाले? तू सुरू केलं, बरं केलं." दोघी कडेकडेनं चालायच्या. ट्रक गेला की सडकेवरून उतरून गवतात उभ्या राहायच्या आणि ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

पण यंदाची वेचणी आली तसे बारा किलोमीटर अंगावर येऊ लागले. घरातून निघेपर्यंत ऊन चढायचं आणि दोन झाडं वेचेपर्यंत परतायची वेळ व्हायची. बोंडं फुटून कापूस खाली लोंबत होता, मातीला लागत होता. पुष्पांजली भाऊरावाच्या दारात गेली. नात्यानं तो तिचा चुलत सासरा.

"काकाजी, बंडीची वाट नको, गाडीची नको. डोक्यावर टोपलं घेऊन बाई जाईल एवढी तरी सोडा."

भाऊराव ओट्यावर बसून दात कोरत होता. "तुह्या नवऱ्याजवळ गाडी आहे ना? मंग पायी काऊन मरून राह्यली?"

"त्याच गाडीवरून आत्याबाई गेली."

"मंग टिप्परवाल्याले जाऊन धर. माह्या पऱ्हाटीनं नाही ढकललं तिले."

हे वाक्य तिच्या काळजात रुतलं. ती घरी आली, पाणी प्यायली, पुन्हा उठून बसली. मोजणीवाले याआधीच येऊन गेले होते. नकाशात रस्ता आहे म्हणाले, पण उभं पीक कसं तोडायचं, हंगाम निघू द्या म्हणाले. हंगाम निघाला की भाऊराव नांगरणार आणि जूनमध्ये पुन्हा टोबणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पांजलीनं कोपऱ्यातून चिमटा काढला. उन्हाळ्यात वाळलेली पऱ्हाटी उपटायचा तो लोखंडी चिमटा. खोड जबड्यात धरायचं, लांब दांडा दाबायचा, की झाड मुळासकट वर. कमरेएवढा उंच आणि हातात घेतला की खांदा खाली ओढणारा. राजकुमार न्हाणीत होता. गौसिया दारात उभी होती. तिनं चिमट्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आपल्या घरचाही घेऊन आली.

दोघींनी विळ्यानं काटी ओढून बाजूला केली. हात रक्ताळले. मग पुष्पांजलीनं पहिलं झाड धरलं. हिरवंगार, बोंडांनी लदलेलं. भरल्या पऱ्हाटीला कोणी असा हात लावत नाही, जेवत्या माणसाच्या ताटाला लाथ मारल्यासारखं ते. तिला क्षणभर भडभडून आलं. मग तिनं दांडा दाबला. खोड करकरलं, मुळं तुटली आणि झाड आडवं झालं. दुसरं. तिसरं. दहाव्या झाडानंतर तिला कसलंच वाईट वाटेनासं झालं. ती दात-ओठ खात उपटत सुटली.

चाळीसेक झाडं पडली तेव्हा भाऊराव आला. हातात कुऱ्हाडीचा दांडा होता.

"रांडांनो! माह्या लेकरासारखी पऱ्हाटी!"

पहिला तडाखा गौसियाच्या पाठीत बसला. ती तोंडावर पडली, दात ओठात घुसला, तोंड रक्तानं भरलं. पुष्पांजली वळेपर्यंत दुसरा तिच्या कपाळावर आला. डोळ्यांपुढे लाल झालं, कोमट काहीतरी नाकावरून खाली आलं. तिसऱ्यासाठी त्यानं दांडा उचलला आणि तिनं दोन्ही हातांनी चिमटा फिरवला.

लोखंड मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज गौसियालाही ऐकू गेला. दांडा उडून पडला. भाऊराव ओरडला, पण पुष्पांजली कुठली थांबते! दुसरा घाव गुडघ्यावर. तो खाली बसला. तिसरा खांद्यावर.

"हे घ्या! हे माह्या आत्याबाईचं! हे तिच्या पायांचं! तुम्ही मारलं तिले! टिप्परानं नाही, तुम्ही! रस्ता असता तं ती गाडीवर बसलीच कायले असती? तुम्ही मारलं!"

तिनं चिमटा डोक्याच्या वर नेला. हा घाव डोक्यातच बसला असता. पण गौसियानं मागून कमरेला मिठी मारली, रक्तानं भरलेल्या तोंडानं ओरडली, "मरून जाईन तो, पुष्पा! जेलात जाशीन! सोड!"

भाऊराव मातीत पडला होता. मोडका हात पोटाशी धरून तो तिच्याकडे बघत होता. "म्या?" तो म्हणाला. "म्या मारलं वयनीले?" पळत आलेल्या माणसांनी त्याला उचललं.

सगळ्या गावाला वाटलं, आता केस होणार, दोघी आत जाणार. शाकिरभाई वकील शोधू लागला. पण दवाखान्यात भाऊरावानं सांगितलं, बंडीवरून पडलो. गावात चालती बंडी एकही उरली नव्हती, तरी त्यानं तेच लिहून दिलं. घरी आल्यावर मुलाला म्हणाला, पांदणीतली राहिलेली पऱ्हाटी उपटून टाक. वयनीचं पाप माह्या माथी आहे, म्हणाला. तो जेवत नाही, ओट्यावर येत नाही, असं बाया पाणी भरताना बोलू लागल्या. पुष्पांजलीच्या कपाळाला पाच टाके पडले होते. ऐकून तिला आतून गारगार वाटलं. बरं झालं, म्हणाली. भोगू दे.

पांदण मोकळी झाली आणि बायांची रीघ लागली. टोपली, पाण्याचे हंडे, कापसाची गाठोडी. बोलत बोलत वावरात आणि बोलत बोलत घरी. पुष्पांजली उन्हं कोवळी असतानाच वावरात पोचू लागली आणि वेचणी मार्गी लागली.

आणि आठव्या दिवशी मागून हॉर्न वाजला.

ती वावराच्या तोंडाशी उभी होती. पांदणीतून राजकुमार गाडीवर येत होता, बाया टोपली सावरत धुऱ्यावर चढत होत्या आणि तो हसत होता. हसत होता! "दोन मिनिटं लागले फक्त," तो लांबूनच ओरडला. "सांगतलं असतं तं तुलेबी आणलं असतं."

तिच्या हाताला धुऱ्यावरचा धोंडा लागला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून गाडीच्या दिव्यावर घातला. काच फुटली. गाडी आडवी झाली, राजकुमार धुऱ्यावर फेकला गेला. तिनं धोंडा पुन्हा उचलला, टाकीवर घातला. पुन्हा. पत्रा चेपला आणि पेट्रोल मातीत झिरपू लागलं.

राजकुमार उठला आणि त्यानं तिच्या थोबाडीत दिली. कपाळाचे टाके उसवले.

"माह्यी गाडी! भिकारडे, माह्यी गाडी!"

"मारा! तुमच्या मायले खाल्लं हिनं! अजून कोणाले खाऊ घालायचं आहे? म्या कपाळ फोडून रस्ता मोकळा केला तो हिच्यासाठी काय? त्या काकाजीनं तिले मारलं, अन् तुम्ही तीच गाडी धुऊन-पुसून फिरवता!"

"काकानं नाही मारलं!" राजकुमार इतक्या मोठ्यानं ओरडला की धुऱ्यावरच्या बाया दचकल्या. मग त्याचा आवाज फाटला. "टिप्परानंबी दाबलं नाही. तो लांब होता. फोन वाजला, मी खिशातून काढाले गेलो. एक हात सुटला अन् चाक कठड्याले लागलं. माय पडली."

गालावरून रक्त हनुवटीवर आलं तरी तिनं पुसलं नाही. "कोणाचा फोन?"

तो आडवी पडलेली गाडी उचलू लागला.

"कोणाचा होता फोन?"

"तुहा," तो म्हणाला. "भाकर घेऊन कवा येता, भूक लागली, असं तू वावरातून विचारून राह्यली होती ना, दोनदा? तो तिसरा होता. म्हणून सांगतलं नाही मी. तुले कसं सांगू?" आणि तो मातीत बसून लहान पोरासारखा रडू लागला.

तिला आठवलं. लख्ख आठवलं. त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात आग पडली होती आणि तिनं रागानं बटण दाबलं होतं. फोन कोणी उचलला नाही म्हणून ती सासूला शिव्या घालत बसली होती. मग पुलाकडून ओरडा आला होता.

ती चालू लागली. धुऱ्यावरच्या बायांतून गौसियानं हाक मारली, तिनं ऐकलं नाही. पांदणीतून सरळ गावात गेली, भाऊरावाच्या दारात. तो आत खाटेवर होता, प्लास्टरचा हात छातीवर ठेवून. तिनं उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. टिप्पर लांब होता तेही, तिसरा फोन तिचा होता तेही. "तुम्ही नाही मारलं, काकाजी. म्या मारलं. अन् म्या तुम्हाले मारलं."

भाऊराव उठला. लंगडत तिच्यापर्यंत आला आणि डाव्या हातानं त्यानं तिच्या तोंडात मारली. ती हलली नाही.

"आणखीन मारा."

त्यानं हात पुन्हा उचलला. मग तो तसाच खाली घेतला. म्हातारा भिंतीला धरून तिच्यासमोर उंबऱ्यावर बसला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आवाजात राग होता.

"येडे," तो म्हणाला, "पांदण असती तं भाकर येळेवर आली असती. पायी आली असती. तुले फोन कायले लावा लागला असता?"