अर्ध्या तासात बसवलेली मैफल

"मनगट गेलंय हो माझं, नाहीतर आत्ता वाजवून दाखवलं असतं," असं म्हणत चाबूकने काउंटरमागची जड इस्त्री उचलली आणि शर्टाच्या पाठीवरून एका दमात अशी फिरवली, की समोरचं गिऱ्हाईक बघतच राहिलं.

हे वाक्य तो निम्मं आयुष्य म्हणत आला होता. कोपऱ्यात स्टुलावर बसून त्याची बायको लोकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावायची. तिने ते इतक्यांदा ऐकलं होतं, की आता मान वर करायचीही तिला गरज वाटत नसे. दिवसभर इस्त्री ओढणारं मनगट नेमकं ड्रमच्या काड्या धरतानाच दुखतं, हे तिला कधीच पटलं नव्हतं. पण नवऱ्याची काही दुखणी झाकली मूठ म्हणूनच ठेवायची असतात, एवढं शहाणपण संसाराने तिला दिलं होतं.

त्याला सगळे चाबूकच म्हणत. दुकानाच्या पाटीवरही 'चाबूक लॉन्ड्री' असंच होतं. कपड्यांचा आणि चाबकाचा काय संबंध, असा प्रश्न नव्या माणसाला पडे, आणि मग कुणीतरी जुनं गिऱ्हाईक त्याला ती फिल्म सांगे. तरुणपणी हा एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा, बायको गायची, शिवाय एक पियानोवाला होता. टाउन हॉलमधल्या त्यांच्या एका मैफलीची फिल्म निघाली आणि वर्षभराने ती टीव्हीवर लागली. शेवटच्या ड्रमच्या सोलोत त्याचे हात असे चालले, की काड्या दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवसापासून तो चाबूक झाला. अजूनही वर्षातून एकदा तरी कुठल्यातरी चॅनलवर ती फिल्म लागे. मग आठवडाभर दुकानात वर्दळ असे आणि मनगटाचं वाक्य जास्त वेळा म्हणावं लागे.

गिऱ्हाईक शर्ट घेऊन गेलं आणि पाठोपाठ एक मुलगी आत आली. गळ्यात मोठे हेडफोन, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. फिल्म संग्रहालयातून आलेय, म्हणाली.

"काका, तुमच्या मैफलीची मूळ रिळं सापडली आम्हाला. एका गोदामात पडून होती. साफसूफ करून टाउन हॉलमध्ये दाखवायचीत. पण एक घोळ आहे."

"आमच्या बँडमध्ये घोळ नसता तर तो बँड कसला?" चाबूक म्हणाला.

"टीव्हीवर लागते ती फिल्म अर्ध्या तासाची आहे. आमची रिळं त्याहून लांब भरतात. पण जास्तीचं दृश्य एकही नाही, सगळं तेच. म्हणजे दोन्हींचा वेग वेगळा आहे. खरा कुठला ते ठरवायला मला तुमच्या गाण्याची पट्टी हवीय. पियानोवाले काका तर गेले, आता विचारू कुणाला?"

"पांढरी चार," कोपऱ्यातून बायको म्हणाली. तिने सुईवरची नजर काढली नव्हती. "लग्नाआधी पांढरी चार, लग्नानंतरही पांढरी चार. पियानोवाल्याने एकदा न विचारता बदलून बघितली, तर दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते."

मुलीने लॅपटॉप उघडून काउंटरवर ठेवला. "आणि काकू, टीव्हीवरची?"

"ती ना काळीत आहे, ना पांढरीत. दोन पट्ट्यांच्या फटीत पडलीय. पहिल्यांदा लागली तेव्हा मी पियानोवर लावून बघितली होती. पियानोवाला म्हणाला, टीव्हीवर सगळ्यांचेच आवाज बारीक येतात, सोडून दे. मी सोडलं. पण त्यानंतर कधी बघितली नाही. माझे कपडे घालून ही कुठली पोर चिरकतेय, असं वाटायचं."

मुलगी खुशीत आली. "मग झालंच तर! टीव्हीवाल्यांनी पळवलीय. अर्ध्या तासाच्या जागेत बसेना, म्हणून कापायच्या ऐवजी अख्खी फिल्मच जोरात चालवली. त्यामुळे सूर वर चढला आणि ठेका पळाला. तेव्हा करायचे असं, कुणाला पत्ताही लागायचा नाही."

चाबूकने इस्त्री उभी करून ठेवली. "किती पळवली?"

"तुम्ही दहा ठोके वाजवले, तेवढ्या वेळात फिल्ममध्ये अकरा पडतात."

त्याने मान हलवली. समोरचा धुतलेला शर्ट त्याने उलटा केला, सुलटा केला, मग पुन्हा उलटा केला. मुलगी सांगत होती, की संग्रहालय दोन्ही नमुने जपून ठेवणार आहे. पण लोकांना दाखवायचा एकच, आणि तो कुठला ते बँडमधल्या दोघांनी मिळून सांगायचं.

"जी आहे तीच दाखवा," चाबूक म्हणाला. "लोकांच्या ओळखीची आहे. उगाच झाकलेलं कशाला उकरायचं?"

बायकोने पहिल्यांदाच मान वर केली. "आणि मी?"

"तू काय?"

"मी चिरकतच राहू?"

चाबूक म्हणाला, "गिऱ्हाईक थांबलंय, मग बोलू." दुकानात गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

तो विषय का टाळतोय, हे त्या मुलीला कळणं शक्य नव्हतं. फिल्म टीव्हीवर लागली तेव्हा गावोगावची बोलावणी आली होती, आणि प्रत्येकाला तोच सोलो हवा होता, तसाच. चाबूकने फिल्मची कॅसेट मिळवली. तालमीच्या खोलीत ड्रमशेजारी टीव्ही ठेवून तो फिल्मबरोबर वाजवायला बसला. सुरुवात बरोबर व्हायची, पण फिल्ममधला माणूस हळूहळू पुढे निघून जायचा. तो वाजवून मोकळा झाला, टाळ्या सुरू झाल्या, तरी ह्याचे हात आपले चाललेलेच. आज दमलोय, असं त्याने पहिल्या दिवशी म्हटलं. मग काड्या बदलल्या, स्टूल बदललं, बोटं सुजेपर्यंत घासून बघितलं. काही केल्या तो माणूस हाती लागेना. आपलं कौतुक खोटं असेल अशी शंका सहसा कुणाला येत नाही. आपणच कमी पडलो, हे मात्र चटकन पटतं. वर्षभरात आपला हात गेला, असं चाबूकने ठरवून टाकलं आणि लाजेने कुणाला सांगितलं नाही. मनगट दुखतंय, एवढंच म्हणाला. बोलावणी रद्द झाली, पियानोवाला दुसऱ्या शहरात गेला, आणि चाबूकने लॉन्ड्री घेतली.

बायकोला त्यानंतरही एकटीने गायची बोलावणी येत होती. ती गेली नाही. तिने सुईदोरा हातात घेतला.

त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसली, तेव्हा तिने सरळच विचारलं. "मनगट कधीच दुखलं नव्हतं ना?"

"नाही."

"मला माहीत होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली. मला वाटलं, माझ्यामुळे सोडलंस. माझ्या एकटीच्या नावाने बोलावणी यायला लागली होती, ते तुला खुपलं असणार. म्हणून मीही नाही गेले."

चाबूकने हातातला घास ताटात ठेवला. "तुझ्यामुळे? अगं, मी त्या फिल्ममधल्या माणसाच्या मागे धावत होतो. तो सापडतच नव्हता मला."

"माझ्यासमोर एकदा लावली असतीस, तर तेव्हाच सांगितलं असतं की पट्टी चुकलीय."

"तुला आवडायची नाही ना. म्हणून तू आलीस की बंद करायचो."

तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला. ज्याला ठेक्यापलीकडे काही ऐकू येत नाही त्याने फिल्म शंभरदा बघितली, आणि जिला सूर कळतो तिने एकदाच बघून तोंड फिरवलं. एकाच घरात, एकमेकांचं मन सांभाळत.

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "मीही आहे. पण तू जास्त. मी गाणं सोडलं रे त्यापायी."

त्याने ताट बाजूला सारलं. तो रडला नाही, पण जेवणही झालं नाही. मग म्हणाला, "आता खरी दाखवली, तर लोक म्हणतील, एवढंच होतं होय? दुकानाची पाटी काय उतरवून ठेवू?"

"म्हणू देत. मला माझा आवाज ऐकायचाय. मेल्यावर ऐकवणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्री बंद ठेवून दोघं संग्रहालयात गेली. ठरलं होतं ते एवढंच, की आधी बघायचं आणि मग बोलायचं. खोली लहान होती. चार खुर्च्या, एक पडदा, पडद्यासमोर लांबलचक टेबल आणि गार हवा. ती मुलगी मागच्या मशीनपाशी बसली. चाबूक कोर्टात आल्यासारखा ताठ बसला होता. त्याला एकच धास्ती होती, आणि ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. खऱ्या वेगातही आपण मागेच पडलो तर?

दिवा मालवला आणि फिल्म सुरू झाली. टाउन हॉल, पियानो, आणि माइकसमोर उभी राहिलेली तरुण बायको. तिने तोंड उघडलं, आणि चाबूक खुर्चीत पुढे सरकला. हा आवाज जाड होता, शांत होता, पायऱ्या उतरून खाली येणाऱ्या माणसासारखा सावकाश येत होता. ह्याच आवाजासाठी तो एके काळी तालमीला तासभर आधी येऊन बसायचा. टीव्हीवरची ती पोर ऐकून ऐकून तो हा आवाज साफ विसरला होता.

शेजारी बायको पुटपुटली, "पांढरी चार." मग पदराने डोळे पुसले आणि तशीच ऐकत राहिली.

शेवटचं गाणं संपलं. पियानोवाल्याने पट्ट्यांवरून हात काढले आणि ड्रमचा सोलो सुरू झाला. चाबूकची बोटं टेबलाच्या कडेवर कधी गेली, ते त्यालाही समजलं नाही. आधी दोन बोटं होती, मग दोन्ही हात आले. पडद्यावरचा माणूस वाजवत होता आणि हाही वाजवत होता. मधल्या वळणावर, जिथे तो दरवेळी निसटून पुढे जायचा, तिथे चाबूकने श्वास धरला. तो निसटला नाही. म्हाताऱ्या हातांच्या बरोबरीने चालत राहिला. शेवटचे तीन ठोके पडद्यावर पडले आणि तेच तीन टेबलावर पडले. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि चाबूकचे हात थांबलेले होते.

मुलीने दिवा लावला. "काका, परत लावू?"

"नको," चाबूक म्हणाला. "आत्तासुद्धा येतंय मला. बघितलंस?" हे त्याने मुलीला नाही, बायकोला विचारलं होतं.

"बघितलं," बायको म्हणाली. टेबलावरचा त्याचा हात तिने धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

जाताना मुलीने काही विचारायच्या आतच तो तिला म्हणाला, "हीच दाखवा."

महिन्याभराने टाउन हॉलमध्ये फिल्म दाखवली गेली. हॉल भरला होता. बायकोच्या गाण्याला लोक उठून उभे राहिले. सोलोलाही टाळ्या पडल्या, पण बेताच्याच, पाहुण्याला द्याव्यात तशा. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, आठवणीत होता तसा नव्हता वाजवत. चाबूकने ते ऐकलं आणि बायकोला जिन्यावरून सांभाळून खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक पँट घेऊन दुकानात आलं. काल तेही हॉलमध्ये होतं. कसं बोलावं ह्या विचाराने जरा चुळबुळलं.

"चाबूक, राग मानू नकोस. पण काल हात जरा संथ वाटला रे. मशीनमध्ये काही बिघाड होता का?"

"नाही. तेवढाच होता हात," चाबूक म्हणाला. "आधी दिसायचा, तो बिघाड होता."

गिऱ्हाइकाला ह्यातलं काही कळलं नाही. चांगल्या माणसाला दुखावलं असं वाटून त्याने घाईघाईने सावरून घेतलं. "अर्थात, मनगट गेलं नसतं तर तू आणखी कुठल्या कुठे गेला असतास म्हणा."

कोपऱ्यात बायकोची सुई थांबली.

चाबूकने पँट काउंटरवर पसरली, शिवणीला शिवण जुळवली, पाण्याचे चार थेंब शिंपडले. मग इस्त्री उचलली.

"मनगटाला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "उद्या सकाळी घेऊन जा."