एक टीप, एक कार्ड, एक बाजू

माझ्या थोरल्या दिरांचं तोंड बघितलं की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. तिथे ते इंग्रजीचे सर आणि मी पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, हजेरीपटावर नंबर एक्केचाळीस. वयही एक्केचाळीसच. पहिल्याच तासाला त्यांनी हा योगायोग सगळ्या वर्गाला ऐकवला आणि विशीतली पोरं खो खो हसली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारणं सोडलं, घरीसुद्धा. "एक्केचाळीस नंबरला सांग, जिन्यातला दिवा चालूच राहिलाय," असं ते माझ्या नवऱ्याला सांगायचे, मी शेजारी उभी असताना.

मी काही हौस म्हणून कॉलेजात गेले नव्हते. नऊ वर्षं एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होते, आणि वरून नवा नियम आला की पदवी नसलेल्या बाईंकडे वर्ग द्यायचा नाही. मुख्याध्यापिकेनं माझ्यासाठी वर्षभर कसंबसं निभावून नेलं. "यंदा पदवी हातात हवी. नाहीतर वर्ग दुसरीकडे जाईल, मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही," असं तिनं तोंडावर सांगितलं होतं. लग्नाच्या वेळी सुटलेले विषय मी एकेक करून पास झाले. राहता राहिला इंग्रजीचा संशोधन-निबंध. बारा पानं, किमान आठ संदर्भ, आणि तपासणारे एकटे भाऊजी.

त्यांचं शिकवणं म्हणजे एक बुटांचं खोकं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात ते वर्गात आणायचे आणि टेबलावर आपटायचे. आत त्यांच्या प्रबंधाची कार्डं होती, बावीस वर्षांपूर्वीची, पिवळी पडलेली, रबरबँड लावलेली. "एक टीप, एक कार्ड, एक बाजू!" ते गरजायचे. "कार्डाच्या मागे लिहिलंत की ते वाया गेलं. टेबलावर कार्डं मांडता तेव्हा मागची बाजू कोण बघतो?" नियम चांगला होता, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. मग ते झेरॉक्सचे चार कागद वाटायचे. त्यांवर त्यांच्या प्रबंधातले निवडक उतारे, पुस्तकाच्या नावासकट, पान नंबरासकट. पोरं हुशार होती. त्या चार कागदांवरूनच कार्डं भरायची, शेवटी आठ पुस्तकांची यादी डकवायची आणि एकाही पुस्तकाची धूळ न झटकता पास व्हायची. भाऊजींची त्याला काहीच हरकत नव्हती. आपलेच उतारे दरवर्षी साठ निबंधांत वाचायला मिळाले तर कुणाला नको असतं?

त्या उताऱ्यांतला एक त्यांचा फार लाडका होता. एका जुन्या इंग्रजी कादंबरीत एक मोलकरीण आहे, तिच्याबद्दल एका समीक्षकानं लिहिलेलं वाक्य: "या मोलकरणीला स्वतःचं असं काही म्हणायचंच नसतं." भाऊजींचा अख्खा प्रबंध या वाक्यावर उभा होता. कादंबरीतली ही बाई म्हणजे नुसतं सामान, टेबलखुर्चीसारखं, असं ते वर्गात सांगायचे आणि सांगताना का कोण जाणे, माझ्याकडे बघायचे.

मला राग आला. ती कादंबरी मी दोनदा वाचली होती, शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात ती बाई चांगली तोंड उघडते. मग इतका शिकलेला समीक्षक असं कसं लिहील? मी लायब्ररीत गेले. सगळ्यात खालच्या फळीवर, उकिडवं बसून शोधावं लागलं, पण ते पुस्तक सापडलं. दिलेलं पान उघडलं. वाक्य होतं, पण तिथं संपत नव्हतं. "या मोलकरणीला स्वतःचं असं काही म्हणायचंच नसतं, असं त्यांनाच वाटेल, ज्यांनी कादंबरी अर्ध्यावर मिटून ठेवली." मी तिथल्या तिथं फतकल मारून बसले आणि एकटीच हसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मी पूर्ण वाक्य उतरवून घेतलं आणि निबंध त्यावरच लिहिला. भाऊजींचं नाव कुठंही घेतलं नाही. अर्धं वाक्य कुणी वापरलं, ते वाचणाऱ्याला कळणारच होतं.

निबंध दहा दिवसांनी परत आला. त्या वाक्याभोवती लाल गोल, आणि बाजूला लिहिलेलं: "मूळ पुस्तकात असे वाक्य नाही. संदर्भ रचलेला आहे." आमच्या कॉलेजात रचलेला संदर्भ म्हणजे कॉपी करण्यापेक्षा मोठा गुन्हा. पेपर रद्द, वर्ष वाया. विभागप्रमुख मॅडमनी मला चार दिवसांनी खोलीत यायला सांगितलं. मी धावत लायब्ररीत गेले तर फळी रिकामी. जुनी, फाटकी पुस्तकं त्याच आठवड्यात काढून टाकली होती, यादीवर सही भाऊजींची. "दरवर्षीच काढतो हो," लायब्ररीच्या बाई म्हणाल्या. दुसरीकडून प्रत मागवायला सहा आठवडे लागणार होते. इंटरनेटवर त्या पुस्तकाचं नाव तेवढं मिळालं, पानं नाहीत. सही मुद्दाम केली की न बघता, हे मला आजही ठाऊक नाही. मुद्दाम केली असेल, असं समजायला मला आवडतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दोघंही आपलीच माणसं. मी कुणाच्या बाजूनं बोलू?" त्याच्याकडून याहून जास्तीची अपेक्षा मी केव्हाच सोडली होती.

राहिल्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. राहायला आम्ही वर आणि ते खाली असलो तरी स्वयंपाकघर एकच, आणि वीस वर्षं आम्ही दोघी त्यात एकमेकींना टाळून वावरत होतो. मी गेले तेव्हा त्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. वहिनींच्या चिठ्ठ्या इंग्रजीत असायच्या, साखर, मीठ, तांदूळ, सगळं. 'जी' अक्षराची शेपटी खाली नेऊन गोल फिरवून पुन्हा वर आणायच्या. काय तो तोरा, असं मला दरवेळी वाटायचं.

"वहिनी, भाऊजींचं ते कार्डांचं खोकं मला अर्धा तास द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. अर्धं वाक्य सांगितलं, पूर्ण वाक्य सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवरचं बोट उचललं नाही.

"मिळायचं नाही. त्या खोक्याला मी कुणाला हात लावू देत नाही."

"माझं वर्ष जातंय. माझा वर्ग जातोय."

"मग सरळ चार कागदांवरून लिहायचं होतंस, सगळी पोरं लिहितात तसं. तुला कुणी सांगितलं होतं पुस्तकं उघडायला?"

माझा तोल गेला. "तुम्हाला काय कळणार त्यातलं! जन्म डबे भरण्यात गेला तुमचा. संदर्भ म्हणजे काय, हे तरी ठाऊक आहे का?"

वहिनींनी चिठ्ठी नीट दाबून बसवली. "नाही बाई," त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक असणार." आणि डबा उचलून फळीवर ठेवला.

ठरल्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. अरुंद खोली, दोन कपाटं, खिडकीत उन्हानं विटलेल्या फायली. मॅडम बारीक चणीच्या, निवृत्तीला आलेल्या, उगाच शब्द खर्च न करणाऱ्या. भाऊजी आधीच येऊन खुर्चीत रेलले होते.

"यांचं म्हणणं की वाक्य पुढे आहे. तुमचं म्हणणं की नाही," मॅडम भाऊजींना म्हणाल्या. मग मला विचारलं, "पुस्तक तर गेलं. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे माझं कार्ड आहे," मी म्हटलं. "माझ्या हातानं लिहिलेलं."

"ते कुणीही लिहील," भाऊजी म्हणाले. "माझ्याकडे मूळ कार्ड आहे, बावीस वर्षांपूर्वी पुस्तक समोर ठेवून लिहिलेलं. आत्ता मागवतो." त्यांनी घरी फोन लावला. "ते खोकं घेऊन ये. हो, आत्ताच्या आत्ता."

वहिनी वीस मिनिटांत आल्या. चालत आल्या असाव्यात, दम लागला होता आणि एका हाताला पीठ होतं. खोकं त्यांनी टेबलावर ठेवलं. भाऊजींनी "ठीक आहे, जा" म्हटलं, तरी त्या दारातच उभ्या राहिल्या.

भाऊजींनी गठ्ठा सोडला, झरझर कार्डं चाळली आणि एक उपसून मॅडमपुढे धरलं. "वाचा. पुस्तक, पान, वाक्य. कार्ड तळापर्यंत भरलंय, वाक्य संपलंय. पुढे काही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक्केचाळीस नंबर, आता काय रचणार?"

कार्डावर खरोखरच तेवढंच होतं. तिसरीचा वर्ग, भिंतीवर चिकटवलेली मुलांची चित्रं, सगळं हातातून गेलं, असं मला वाटलं.

"उलटा ते," वहिनी दारातून म्हणाल्या.

भाऊजींना आधी ऐकूच आलं नाही. मॅडमना आलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटलं आणि चष्मा वर सरकवून वाचलं. मागे तीच शाई, तेच अक्षर. "असं त्यांनाच वाटेल, ज्यांनी कादंबरी अर्ध्यावर मिटून ठेवली."

मॅडमनी कार्ड टेबलावर ठेवलं, तेव्हा ते अक्षर मला पहिल्यांदा नीट दिसलं. 'जी'ची शेपटी खाली जाऊन, गोल फिरून, पुन्हा वर आली होती. मी आणखी दोन कार्डं बघितली. सगळ्या खोक्यात तेच अक्षर होतं. भाऊजींनी ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं. उकिडवं बसून खालच्या फळीवरून पुस्तकं काढली होती ती वहिनींनी. भाऊजींनी फक्त पुढची बाजू उतरवून घेतली आणि बावीस वर्षं कार्ड उलटलं नाही. वहिनी लग्नाआधी काय शिकल्या होत्या, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"सर, हे तुमचं अक्षर नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचं मला लावता लावता नाकी नऊ येतात."

भाऊजींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी दाराकडे बघितलं नाही. "माझंच आहे," ते म्हणाले. "तेव्हा असं होतं. पुढचं वाक्य... नजरचुकीनं राहिलं असेल."

निष्काळजी म्हणवून घ्यायला तयार, पण बायकोनं प्रबंध करून दिला, हे म्हणवून घ्यायला नाही. मला इतकी किळस आली की तोंडात शिवी आली होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हे बघा, कार्ड सरांचं असेल तर मी पुरावा म्हणून धरते. तुम्ही सुटलात. पण घरातल्या दुसऱ्या कुणी लिहिलं असेल, तर कधी लिहिलं, कुठून बघून लिहिलं, मला काय माहीत? मग ती प्रत येईपर्यंत सहा आठवडे निकाल राखून ठेवावा लागेल. तुम्ही एका घरात राहता. हे अक्षर कुणाचं?"

सहा आठवड्यांत शाळा सुरू होणार होती. मी दाराकडे बघितलं. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या, पीठ लागलेला हात दुसऱ्या हातात धरून. त्यांच्या तोंडावर विनवणी नव्हती. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

"सरांचं," मी म्हटलं.

मॅडमनी लिहून घेतलं. मी पुन्हा दाराकडे बघितलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

निबंध मला बासष्ट गुणांनी परत मिळाला. लाल गोलाशेजारी लिहिलं होतं: "अवतरण तपासले. योग्य." तिसरीचा वर्ग माझ्याकडेच राहिला. भाऊजी आता मला नावानं हाक मारतात, घरीसुद्धा, चांगल्या गोड आवाजात, आणि त्याचा मला पूर्वीच्या नंबरापेक्षा जास्त संताप येतो. नवरा म्हणतो, बघ, शेवटी सगळं नीट झालं.

निकालाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. फळीवरच्या सगळ्या डब्यांच्या चिठ्ठ्या निघालेल्या होत्या. खरडून काढल्या होत्या, पत्र्यावर कागदाचे पांढरे पुंजके राहिले होते. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"किती मिळाले?" त्यांनी विचारलं.

"बासष्ट."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"त्यातले माझे किती?"

मी साखरेचा म्हणून फळीवरून एक डबा काढला आणि उघडला. त्यात मीठ होतं.