फुलचूरच्या खोट्या पिंजाऱ्याची धनुकली

मी धनुकली बोलतेय, कापूस पिंजायची. सध्या पोलिसांच्या मालखान्यात, जप्तीच्या सामानात पडून आहे. गळ्यात चिठ्ठी लटकवलीय, 'संशयास्पद धनुष्य, नग एक'. ती लिहिणारा हवालदार जन्मभर गादीवर झोपला, पण गादी होते कशी हे त्याला ठाऊक नाही. अशा माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे.

माझा पहिला धनी बालाघाटचा, खरा पिंजारी. त्याच्या हाती माझी ताणलेली तात गायची. मशिनी आल्या आणि त्याच्या मुलांनी मला भंगारात काढलं. तिथून मला जब्बारने उचललं. जब्बार पोलिसांचा गुप्त माणूस. मुसलमान, म्हणून पिंजारी बनवून त्याला फुलचूरच्या एका गल्लीत बसवलेलं. पिंजणं कसलं, नुसता धुरळा! कापूस नाकात आणि गाठी गादीत. मला लाज वाटायची.

त्याची नजर होती त्याच गल्लीतल्या आसिमवर, पोलिसांना त्याच्यावर घातपाताचा संशय होता. हा आसिम उठताबसता धर्म शिकवायचा, पण शेजारच्या मयतीला खांदा द्यायला कधी फिरकला नाही. "हमारा नाम लेके मारेंगे ये लोग," जब्बार एकदा दात खाऊन पुटपुटला होता.

कचारगडच्या जत्रेला चार दिवस उरले असताना आसिम एक उसवलेली गादी घेऊन आला. जत्रेतल्या मांडवात भाविकांसाठी द्यायची म्हणाला.

"खोलना मत, भाई. बस किनारे से सिल दे."

पिंजाऱ्याला गादी उघडू नको म्हणणं म्हणजे न्हाव्याला डोक्याला हात लावू नको म्हणणं. मूर्ख कुठला! जब्बारने गादी नुसती उचलून पाहिली. कापूस इतका जड नसतो, हे त्या अडाण्यालाही कळलं. "दोपहर को ले जाना," म्हणत त्याने शांतपणे सुई ओवली.

जब्बारच्या निरोपावरून दुपारी पोलीस आले. गादीतून स्फोटकं निघाली. आसिमला धरलं आणि सगळ्यांदेखत जब्बारलाही बेड्या घातल्या. आसिमचा म्होरक्या अजून बाहेर होता, त्यामुळे जब्बारचं सोंग उघडं पडून चालणार नव्हतं.

त्याची घरमालकीण दुर्पताबाई धावत आली. जत्रेसाठी तिने आणि तिच्या लेकीने, खुशबूने, बोचकी बांधून ठेवली होती. तिने पायातली चप्पल काढून जब्बारच्या तोंडावर हाणली.

"आमच्या घरी राहून आमालेच मारून राहिला होता? काऊन रे?"

जब्बार मान खाली घालून गाडीत चढला.

पुढे म्होरक्याही सापडला. जब्बार साहेबांबरोबर एकदा मालखान्यात आला तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, आता दुर्पताबाईले तरी सांगू का?"

"कायले? विसरून जा," साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. याच साहेबांनी पुढे छाती काढून पदक घेतलं आणि हवालदारांनी पेढे खाल्ले. त्या गल्लीत आता कुठल्याच मुसलमानाला खोली मिळत नाही, हेही ते हसत सांगतात. थू!

दुर्पताबाई, त्या साली तू खुशबूला घेऊन कचारगडला गेलीस आणि दोघी धडधाकट घरी आलात. ज्याच्यामुळे आलात, त्याला तू चपलेने मारलंस. तुला हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.