गिळल्याचा प्रयोग

मी एकदा भर सभागृहात अख्खा पियानो गायब केला होता, वाजवणाऱ्यासकट. पियानो दुसऱ्या दिवशी मिळाला. वाजवणारा अजून मिळालेला नाही. बायकोला तर मी तीन हजार वेळा करवतीने कापलं असेल. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. ओला टॉवेल पलंगावर राहिला की मात्र बघायला नको.

हे आधी सांगितलं ते एवढ्यासाठी, की माझ्या हातांना काय सवय आहे ते कळावं.

गुडघेदुखीसाठी मी पाण्यात फसफसणारी गोळी घ्यायचो. पोटाला जखम होऊ नये म्हणून डॉक्टरांनी सोबत रोज एक कॅप्सूल दिलेली. आता लहानपणी माझ्या घशात कोटाचं बटण अडकलं होतं. तेव्हापासून टणक काही दिसलं की माझा घसा शटर ओढून घेतो. त्यामुळे बायको कॅप्सूल हातावर ठेवायची आणि हातावरच नजर ठेवायची, मी हात तोंडाशी न्यायचो, पाण्याचा घोट घ्यायचो, आणि कॅप्सूल बाहीत. तिथून खिडकीतल्या कुंडीत. चार महिने हा खेळ चालला. कुंडीतल्या झाडाला आम्लपित्ताचा जराही त्रास झाला नाही.

मला झाला. दोन दिवस शौच डांबरासारखी काळी झाली. मी कुणाला बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशातला म्हातारा हळूहळू खाली जायला लागला. मीही गेलो.

शुद्धीवर आलो तो इमर्जन्सीत. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. शेजारच्या पडद्याआड कुणाच्या तरी घशात माशाचा काटा अडकला होता आणि तो अशा काही आवाजात ओकाऱ्या काढत होता की माझं बटण मला आठवलं.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. हृदयाचा आलेख हातात धरून म्हणाली, "आजोबा, हार्ट असावं असं वाटतंय. रक्त पातळ करायचं इंजेक्शन लागेल. पण आत कुठे रक्त वाहत असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. शौच काळी झाली होती का?"

बायको उशाशी उभी होती. हो म्हणावं तर कुंडीपर्यंत सगळं बाहेर येणार.

"छे," मी म्हणालो.

"तरी खात्री करू. ही कॅप्सूल गिळा. हिच्यात सेन्सर आहे. पोटात रक्त भेटलं की या मशीनवर लाल दिवा, नाहीतर हिरवा. दहा मिनिटांत कळेल. आजी, तुम्ही तेवढ्यात काउंटरवर फॉर्म भरून या."

बायको गेली. सिस्टरने कॅप्सूल हातावर ठेवली. चांगली बोराएवढी! पडद्याआडून तो काटेवाला पुन्हा ओरडला. मी सिस्टरच्या डोळ्यांत बघून हसलो, हात तोंडाशी नेला, घोट घेतला. सिस्टर म्हणाली, "शाब्बास आजोबा!" दवाखान्याच्या त्या झग्याला बाही नावालाच होती, म्हणून कॅप्सूल मी दुसऱ्या दंडावरच्या रक्तदाबाच्या पट्ट्यात सरकवली. असा सफाईदार हात पन्नाशीतसुद्धा पडला नव्हता.

दहा मिनिटं झाली. हिरवा.

"पोट स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाली. "म्हणजे हार्टच. सिस्टर, इंजेक्शन भरा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पोरगी तिकीट काढून आलेली नव्हती. मी दाखवलं ते तिने खरं धरलं होतं, आणि त्या खऱ्यावर सुई भरली जात होती. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटलेली. घाम फुटला. दिव्यांभोवती काळी कडी फिरायला लागली. दंडावरचा पट्टा फुगला, कॅप्सूल हाडात रुतली, आणि मशीन टुंग टुंग करायला लागलं.

"प्रेशर पडतंय! लवकर!"

पुढचं मी अर्धं ऐकलं, अर्धं बायकोने नंतर तिखटमीठ लावून सांगितलं.

ती फॉर्म घेऊन आली. सिस्टर सुईतली हवा काढता काढता म्हणाली, "घाबरू नका आजी. कॅप्सूल किती छान गिळली त्यांनी. माझ्याकडे बघून चक्क हसले."

"हसले?" बायको जागीच थांबली. "तुमच्याकडे बघून?"

"हो."

"मग गिळलेली नाही. सुई खाली ठेवा."

"आजी, बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाली. "हिरवा दिवा आहे. वेळ नाहीये."

"अहो बाई, हा माणूस गिळताना डोळे गच्च मिटतो. घास मोठा झाला तरी मिटतो. समोरच्याच्या डोळ्यांत बघून हसला की समजायचं, वस्तू दुसरीकडे गेली. बत्तीस वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहिलेय!"

तिने माझी एक मूठ उघडली. रिकामी. दुसरी. रिकामी. गालात बोट घातलं, जिभेखाली बघितलं, कानामागे चाचपलं. काही नाही. मशीन टुंग टुंग. डॉक्टरने सिस्टरला मान डोलावली. सुई सलाईनच्या नळीला लागली.

"बाही नाही," बायको स्वतःशीच पुटपुटली. "बाही नाही, तर मग..." आणि तिने दंडावरचा पट्टा फर्रकन ओढला.

टक. कॅप्सूल फरशीवर पडली आणि डॉक्टरच्या बुटापाशी घरंगळत गेली.

डॉक्टरने वाकून ती उचलली.

सिस्टरने सुई मागे घेतली. दुसरी कॅप्सूल आली. बायकोने माझं डोकं छातीशी धरलं आणि कानात म्हणाली, "पियानो परत येतो. तुम्ही येणार नाही. गिळा."

मी डोळे गच्च मिटले. घशाने शटर ओढलं; मी ते लाथेने उघडलं. बटण, काटा, बोर, सगळं एकदम खाली गेलं.

चौथ्या मिनिटाला दिवा लाल झाला.

मग धावपळ. रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या, दुर्बीण आत गेली, जखमेला चिमटे बसले. आलेख बिघडला होता तो रक्त कमी पडल्यामुळे, हृदय ठणठणीत होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाली. मी तिला म्हटलं, "पत्ते दाखवू का दोन?" ती म्हणाली, "हात पांघरुणाच्या वर ठेवा आजोबा."

कुंडीचं प्रकरण बायकोला कळलंच. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, म्हणजे किती रागावली असेल बघा. आता रोज सकाळी कॅप्सूल हातावर ठेवते आणि हाताकडे बघतच नाही. माझ्या डोळ्यांकडे बघत बसते. मी मिटतो, तोंड वेडंवाकडं करतो, गिळतो. खरंच गिळतो.

रक्तदाब मोजायला मात्र अजून दवाखान्यात जावं लागतं. तो पट्टा घरात आणायला तिने साफ नकार दिलाय.