वॉलेसला विचारल्याशिवाय

नेल्डाने बटाट्याचं कॅसरोल टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी एक निळं कार्ड ठेवलं. कॅसरोल नेहमीचंच होतं, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा भुरभुरलेलं. पण कार्डावर ‘वॉलेस इव्हान मॅकक्रेडी’ हे नाव छापलेलं बघून आर्विलाच्या हातातला चमचा हातातच राहिला.

“शनिवारी सकाळी दहाला,” नेल्डा म्हणाली. “माझा जावई ब्रायंट त्याच्या नावानं पाण्यात उतरणार आहे. मंगळवारी वर्ष झालं ना वॉलेसला जाऊन? म्हटलं, आता एक दिवसही उशीर नको.”

“परवानगी कुणी दिली?”

“मी दिली. नातेवाइकांची संमती आहे का म्हणून विचारतात, मी हो म्हटलं. मी काय परकी आहे?”

“त्याची बायको मी आहे, नेल्डा.”

“अगं, पण तू नाही थोडीच म्हणणार होतीस!”

सान्पीट खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हा नियम ठाऊक असतो. मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून दिलेली दीक्षा, न घेता जो मेला, त्याच्या नावाने जिवंत माणसाने मंदिरातल्या हौदात बुडी घ्यायची. त्यासाठी मरणानंतर वर्षभर थांबायचं आणि पहिला शब्द नवऱ्याचा किंवा बायकोचा. नेल्डा वर्षभर थांबली, एवढंच पुष्कळ झालं. बहिणीला विचारणं तिच्या गावीच नव्हतं. नवस फेडायची घाई असलेल्या बाईला देवाचीही संमती लागत नाही, ही तर सख्खी धाकटी बहीण.

आर्विलाला राग आला, पण तो पुरता येईना. कारण खरं सांगायचं तर तिलाही हेच हवं होतं. बाप्तिस्मा झाला की मंदिरात त्या दोघांचं लग्न पुन्हा बांधता येणार होतं, मरणाच्या पलीकडेही टिकेल असं. गावाच्या कोर्टात लागलेलं सेहेचाळीस वर्षांचं लग्न तिच्या धर्माच्या हिशेबाने वॉलेसच्या शेवटच्या श्वासाबरोबर संपलं होतं. तिला वॉलेस हवा होता. पलंगाच्या डाव्या बाजूला, खोकणारा, पाय गार असलेला, तोच. अजून रोज सकाळी ती त्याची कॉफी चढवायची. तिच्या धर्मात कॉफी चालत नाही, म्हणून जन्मात तिने तिचा घोट घेतला नव्हता. स्वयंपाकघरात वास सुटला की ती कॉफी सिंकमध्ये ओतून द्यायची.

वॉलेस गुराढोरांचा डॉक्टर होता. खोऱ्यातल्या सगळ्या मॉर्मन मेंढ्या आणि टर्क्या त्याच्या हाताखालून गेल्या, पण तो स्वतः दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा, प्रेस्बिटेरियनच राहिला. अठरा माणसांच्या त्याच्या चर्चची घंटाही तोच वाजवायचा. त्याला मॉर्मन करायला बिशप आले, मिशनरी आले, नेल्डा तर दर नाताळला यायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

नवरा-बायको मात्र जेवताना खुशाल भांडायची. “तुमच्या देवाला हाडं-मांस आहे म्हणता, मग त्याला गुडघेदुखी होते का गं?” तो विचारायचा. ती म्हणायची, “आणि तुमचा एकात तीन आणि तिनात एक! मुलांना गणित शिकवताना असं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती माझी.” तो म्हणायचा, बायबल पुरं झालं, त्यावर दुसरं पुस्तक कशाला? ती म्हणायची, देव बोलायचा थांबला असं तुला कुणी सांगितलं? तिचं म्हणणं, माणूस वाढत वाढत देवासारखा होऊ शकतो. तो पाव मोडत म्हणायचा, “मी आधी नेल्डासारखा होत नाही ना, एवढं बघ.”

फक्त एका गोष्टीवर ती हसत नव्हती. “स्वर्गात लग्नं नसतात, आर्वी,” तो म्हणायचा. “येशूनं स्वतः सांगितलंय. पण काळजी करू नकोस, तुला ओळखीन मी.” ओळखीन! सेहेचाळीस वर्षांनंतर नुसती ओळख तिला पुरणार नव्हती.

प्रोव्होच्या हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, त्याने तिचं मनगट धरलं होतं. “मला न विचारता माझ्या नावानं कुणाला पाण्यात बुडवायचं नाही. दीड महिन्याचा होतो, आईच्या मांडीवर कपाळाला पाणी लागलं, ते मला पुरेसं आहे. कळलं?” तिने त्याचं पांघरूण सारखं केलं. त्याने थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली आणि डोळे मिटले. ते वाट पाहणं वर्षभर तिच्या छातीत काट्यासारखं सलत होतं.

गुरुवारी ती त्याच्या चर्चमध्ये गेली. पास्टर जॉयस टेलफर खिडकीत काचा पुसत होत्या. त्यांनी सवयीने तिच्यासाठी कॉफी ओतली, मग लक्षात येऊन कप स्वतःकडे ओढला आणि तिला पाणी दिलं. आर्विलाने कार्ड दाखवलं.

“पास्टरबाई, हे केलं तर त्याचं काय होईल?”

“आमच्या लेखी काहीच होणार नाही. तो देवाच्या हातात आहे. तिथून त्याला कुणी काढू शकत नाही, शनिवारचा हौदसुद्धा नाही.”

“म्हणजे केलं तरी चालेल?”

“आमच्या शिकवणीचं काही बिघडत नाही.”

“आमच्यातही तसंच आहे,” आर्विला म्हणाली. “इथं बुडी घेतली तरी तिकडे त्यानं स्वीकारलं तरच ते लागू. नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. जबरदस्ती नाही.” ती जरा थांबली. “आणि मी तुमच्या चर्चमध्ये आले तर?”

“तर तुम्हाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल. तुमचा आम्ही धरत नाही.”

“आठव्या वर्षी डोक्यापासून पायापर्यंत बुडाले होते मी!”

“माहीत आहे. पण तुम्ही बाप, पुत्र, पवित्र आत्मा म्हणता तेव्हा तीन वेगळे धरता. आम्ही एकच देव धरतो. शब्द तेच असले तरी देवाबद्दलचं म्हणणं तेच नाही.”

“म्हणजे त्याचं पाणी आमच्याकडे चालत नाही आणि माझं तुमच्याकडे.”

“हो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी दुसरं काही सांगणार नाही.” पास्टरबाईंनी फडकं खाली ठेवलं. “पण आर्विला, दोन्हीकडून मोकळीक आहे, मग तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?”

आर्विलाने ग्लास फिरवला. “कुणीतरी नको म्हणेल असं वाटलं होतं.”

“वॉलेस म्हणालाच असेल ना?”

त्यावर आर्विला उठलीच. घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी तिने स्वयंपाकघरात बसून एक कागद लिहिला, त्याची नक्कल डेनव्हरला मुलीच्या, कॉरिनच्या, पत्त्यावर पाकिटात घातली आणि बहिणीच्या गाडीत जाऊन बसली. घरी नाही म्हटलं असतं तर नेल्डाने तेवढ्यापुरतं ऐकलं असतं आणि वसंतात पुन्हा कार्ड छापून आणलं असतं. एकदाच, सगळ्यांसमोर व्हायला हवं होतं.

मंदिरात बारा दगडी बैलांच्या पाठीवर तो हौद आहे. ब्रायंट पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उभा होता, शेजारी बाप्तिस्मा देणारे वयस्कर ब्रदर. काठावर दोन साक्षीदार, त्यातली एक आर्विला. बुडी घेणाऱ्याच्या अंगाचा नखाएवढाही भाग पाण्याबाहेर राहता कामा नये, हे बघायचं साक्षीदारांचं काम. आधी नेल्डाने शोधून काढलेले चार डॅनिश पूर्वज झाले. तिसऱ्याच्या वेळी आर्विला म्हणाली, “टाच वर होती. पुन्हा.” ब्रायंटने निमूटपणे पुन्हा बुडी घेतली. या कामात आर्विला कुणाची गय करत नसे.

मग निळं कार्ड आलं. ब्रदरनी उजवा हात वर केला आणि वॉलेसचं नाव घेतलं. त्या हौदावर, त्या मऊ आवाजात ते नाव इतकं गोड लागलं की आर्विलाने काठावरचा कठडा धरला. नुसतं गप्प राहायचं होतं, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता. मग मंदिरातलं लग्न, मग तो कायमचा.

“थांबा,” ती म्हणाली.

ब्रायंट अजून बुडालासुद्धा नव्हता. त्याने गोंधळून आपल्या पायांकडे पाहिलं. “काय वर राहिलं, मावशी?”

“अख्खा वॉलेस वर राहिलाय. त्याला कुणी विचारलेलं नाही. मी त्याची बायको, आणि माझी परवानगी नाही.”

ब्रदरनी हात खाली घेतला. काठावर नावांची कार्डं सांभाळणाऱ्या बाईंनी ते कार्ड गड्डीतून काढून बाजूला ठेवलं, आणि जाताना आर्विलाच्या हातात दिलं. कुणी आवाज चढवला नाही. तो चढवायला नेल्डा बाहेरच्या बर्फापर्यंत कशीबशी थांबली होती.

“अब्रू घालवलीस माझी! आणि त्यालाही घालवलंस, कायमचा! एकटी राहायचंय का तुला, देवाच्या घरी जाऊनसुद्धा एकटी?”

“नाही,” आर्विला म्हणाली. “एकटी राहायची मला फार भीती वाटते.” तिने पर्समधून कागद काढला. “वाच.”

नेल्डाने चष्मा पुसून वाचलं. “‘माझ्या मरणानंतर एक वर्ष पूर्ण झालं की कॉरिनने वॉलेसचं नाव मंदिरात द्यावं. त्याआधी कुणीही नाही.’ हे काय? तेव्हा तरी त्याला कोण विचारणार?”

“मी. न विचारता नको, असं म्हणाला होता ना? तिकडे गेले की समोर बसवून विचारीन. म्हणून तर वर्ष ठेवलंय मध्ये.”

“सेहेचाळीस वर्षांत त्यानं ऐकलं नाही, आर्विला!”

“तेव्हा मला शाळा होती, स्वयंपाक होता, तुझी दर नाताळची भेट होती. तिकडे दुसरं काम काय आहे मला?”

नेल्डाला हसू आलं आणि त्याचा तिला आणखी राग आला. गाडीचं दार उघडून ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “आणि तरीही नाहीच म्हणाला तर?”

आर्विलाने कागद परत घेऊन पर्समध्ये ठेवला. “तर नाही. पण मग त्याला ते माझ्या तोंडावर सांगावं लागेल. चल, गार पडले पाय.”

घरी आल्यावर, भरदुपारी, तिने कॉफी चढवली. वास सुटला तसं ते निळं कार्ड तिने वॉलेसच्या कपाखाली ठेवलं आणि त्याच्या खुर्चीसमोर बसली. हॉस्पिटलात त्याने जेवढी वाट पाहिली होती, तेवढा वेळ ती खुर्चीकडे बघत राहिली.

“बरं,” ती म्हणाली. “विचारल्याशिवाय नाही.”